क्रीम रंगाची शेजारीण

मित्रांनो, मी एक जुनी, राखाडी रंगाची मोटार आहे. लोक जुन्या वस्तूंकडून चांगुलपणाच्या गोष्टी ऐकायला येतात. माझी गोष्ट मात्र हेव्याची आहे, म्हणून जरा लाजतच सांगते.

जन्म मुंबईच्या कारखान्यातला, पण माझं आयुष्य सांगलीत गेलं. पहिली पंधरा वर्षं मी एका हळदीच्या व्यापाऱ्याकडे होते. शेठजी मला जपायचे, वेळच्या वेळी तेल-पाणी करायचे. पुढं ते थकले, त्यातच चौऱ्याहत्तर साली पेट्रोल कडाडलं आणि मला माधवनगर रस्त्यावर नाथाजी मिस्त्रींच्या गॅरेजात विक्रीला उभं केलं.

तिथं माझ्या शेजारी ती उभी होती. क्रीम रंगाची, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. नवा रंग, चकचकीत बंपर. येईल तो तिच्याच पाठीवरून हात फिरवायचा. माझ्या बॉनेटवर मात्र लोक चहाची कपबशी ठेवायचे. मी आतल्या आत जळत होते. पाऊस आला तर हिचा रंग धुऊन जावा, असंही मनात यायचं.

एके दिवशी सकाळी क्षमाताई आल्या. त्या डॉक्टर होत्या आणि आष्ट्याला दवाखाना चालवायच्या. रोज सांगलीहून एसटीनं जायचं आणि संध्याकाळची शेवटची गाडी गाठून परत यायचं. गाडीची वेळ झाली की रांगेतले रोगी तसेच सोडून निघावं लागे. धोंडुबाई नावाची एक म्हातारी त्यांना म्हणाली होती, "बाई, तुमची यष्टी जाती येळंवर, पर आमचा ताप हितंच ऱ्हातुया." ते शब्द ताईंच्या जिव्हारी लागले होते.

त्यांच्याबरोबर थोरले भाऊ हरिभाऊ होते. ते सांगलीच्या कोर्टात वकील होते, पण गेली बारा वर्षं सायकलवरूनच जात होते. त्यांची नजर थेट शेजारणीवर गेली.

"क्षमे, हीच घे. बघ कशी दिसते!"

नाथाजी मिस्त्री हसले. "वकीलसाहेब, रंग दोन दिसात चडवता येतुया. डाक्टरीणबाई, गाडी सकाळच्या पारी, गार असताना बगायची. तापलेली गाडी खोटं बोलती."

मग ताईंनी रोगी तपासावा तसं आम्हांला तपासलं. आधी खाली वाकून जमिनीवर तेलाचे डाग आहेत का ते पाहिलं. दोघींना चालू करून मागचा धूर पाहिला. माझा पातळ आणि पांढरट निघाला, तिचा निळसर, म्हणजे आत तेल जळत होतं. चाकं सारखी झिजलीत का तेही पाहिलं. शेवटी तिच्या आत पाय ठेवायच्या जागेवरचं रबर उचललं, तर खाली वाळलेला गाळ आणि गंज.

"पुराचं पाणी लागलंय हिला," मिस्त्री म्हणाले. "आतनं कुटं कुटं गंजलीया, देवाला ठावं. म्या मालकाला सांगितलंय, घेणाऱ्याला सांगूनच इकणार."

"पण ही राखाडी पंधरा वर्षांची आहे! लोक हसतील," हरिभाऊ म्हणाले.

"दादा, रोज जायचंय मला आणि रोज परत यायचंय मला. लोकांना नव्हे."

ताईंनी मला निवडलं. त्या दिवशी गॅरेजातून निघताना मी शेजारणीकडे बघून मुद्दाम दोनदा हॉर्न वाजवला असता, पण ते माझ्या हातात नव्हतं.

माझा आनंद महिनाभरच टिकला. धाकटी बहीण मोटारीतून जाते आणि आपण सायकलवर, हे हरिभाऊंच्या डोळ्यांत खुपू लागलं. त्यांनी घाईघाईनं गाडी चालवण्याचा परवाना काढला आणि मिस्त्री नको नको म्हणत असताना तीच क्रीम रंगाची गाडी आणून अंगणात माझ्याच शेजारी उभी केली. तिला झेंडूचा हार, सीटांना फुलाफुलांचे अभ्रे. मी संध्याकाळी चिखलानं माखून यायचे, तर ती कोर्टापर्यंत जाऊन तशीच लखलखीत परतायची. शेजारपाजारचे तिचं कौतुक करायचे. माझा पुन्हा जळफळाट सुरू झाला.

एका रविवारी सकाळी आष्ट्याच्या दवाखान्यात नव्या खोलीची पूजा होती. दोन्ही गाड्या निघाल्या. वाटेत हरिभाऊंनी मोठ्यानं हॉर्न देत आम्हांला मागं टाकलं. मित्रांनो, खरं सांगते, तेव्हा मी मनात म्हटलं, मोडो तिचं काहीतरी!

पुढच्याच वळणावर उसानं भरलेली बैलगाडी आडवी आली. हरिभाऊंनी ब्रेक दाबला. ब्रेकची गंजलेली नळी फुटली, ब्रेक लागलाच नाही. बैलांना वाचवायला त्यांनी गाडी वळवली आणि ती रस्त्याकडेच्या चारीत उतरून बाभळीवर आदळली.

ताई धावल्या. हरिभाऊंचा पाय मोडला होता. गाडीवान अर्जुना बैल आवरून धावत आला.

"आवं बाई, म्या काय करू सांगा!"

"दोन ऊस मोडून द्या. आणि तुमचा डोक्याचा पटका."

ताईंनी दोन्ही बाजूंना ऊस लावून पटक्यानं पाय घट्ट बांधला. दोघांनी हरिभाऊंना उचलून माझ्या मागच्या सीटवर निजवलं. समोर ती पडली होती. काच फुटलेली, रंगाचे पोपडे उडालेले, खालून गंज दिसत होता. तिनं माझं काय वाईट केलं होतं? तिलाही कुणीतरी पुरात सोडून दिलं होतं आणि वर रंग फासला होता. मला जरासुद्धा आनंद झाला नाही. एका दणक्यात चालू झाले आणि खड्डे चुकवत सांगली गाठली.

वाटेत हरिभाऊ हळूच म्हणाले, "क्षमे, गाडीची गरज नव्हती गं मला. तू पुढं गेलीस, ते बघवलं नाही."

ताईंनी आधी एक खड्डा चुकवला. मग म्हणाल्या, "बारा वर्षं सायकल मारून माझी कॉलेजची फी भरलीस दादा. मी पुढं गेले ती त्याच सायकलवरून."

मागून हुंदका ऐकू आला.

शेजारीण भंगारात गेली. ती होती त्या जागेकडे माझं बरेच दिवस लक्ष जायचं. तीन महिन्यांनी प्लास्टर निघालं, तेव्हा हरिभाऊ काठी टेकत अंगणात आले आणि बहिणीला म्हणाले, "मला नीट चालवायला शिकव. घाईत शिकलो होतो." त्या रविवारी ते माझ्या स्टिअरिंगवर बसले. गिअर टाकताना त्यांनी असा खडखडाट केला की माझे दात हलले. पण मी बंद पडले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना वेळेवर तेल द्या, त्यांची धूळ पुसा. आणि आपल्यातलं कुणी पुढं गेलं, की पोटात दुखतंच. माझ्याही दुखलं. ते लपवून त्यावर रंग चढवू नका. त्याच्याजवळ जाऊन खरं सांगा. फार तर तो हसेल. बहुतेक वेळा तो सरकून शेजारी जागा करून देतो.