आईचा धनुर्वात

साल एकोणीसशे एकोणसाठ. मी अकरा वर्षांची होते. वडील लोहार, डोक्याचे तापट. कामावरचा राग घरी येऊन आईवर काढायचे. त्या वर्षी पेरणीआधी ढेकळं फोडताना आईच्या पायात गंजका खिळा घुसला. तिनं चिंधी गुंडाळली आणि पुन्हा कामाला लागली. आठव्या दिवशी तिचं तोंड उघडेना.

डॉक्टर म्हणाले, धनुर्वात आहे. इस्पितळात न्यायला गेलात तर गाडीच्या हिसक्यांनीच वाटेत जाईल, घरीच ठेवा. त्यांनी सुई टोचली आणि बजावलं, खोलीत अंधार हवा, जरा आवाज झाला तरी झटका येईल.

पण आमच्या ख्रिस्ती मंडळीत आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची ती सगळ्यांनी एकदम, घसा फोडून. आत्या त्यात सर्वांत पुढे. संध्याकाळी तिनं पाळकांसकट बारा माणसं खाटेभोवती उभी केली. पहिल्याच हाकेला आईची पाठ कमानीसारखी वर उचलली गेली, दातांखाली जीभ चिरून रक्त आलं. आत्याला वाटलं, सैतान निघतोय. तिनं आवाज आणखी चढवला. आईच्या पाठीत काहीतरी कडकन मोडलं.

वडील भट्टीवरून धावत आले. आत्याला वेणीला धरून त्यांनी अंगणात फरफटत नेलं. पाळक आडवे आले, त्यांचे दोन दात पडले.

"तुझा देव बहिरा आहे का गं, अक्का?" वडील दबक्या आवाजात म्हणाले.

आत्यानं तोंडातली माती थुंकली. "बायकोला बडवतोस तेव्हा नाही रे तुला तिची पाठ दिसत."

आवाज नको म्हणून वडिलांनी घणाचं काम थांबवलं. तीन आठवडे भट्टी पेटली नाही.

आईजवळ मी बसायचे. जबडा मिटलेला, पण शुद्ध पुरती होती. मी नुसते ओठ हलवून प्रभूची प्रार्थना म्हणायचे, ती प्रत्येक ओळीला माझा हात दाबायची. झटका आला की माझी बोटं चुरगळायची. एकदा करंगळी मोडली. झटका ओसरला की ती राहिलेल्या ओळीपासून पुढे जायची. अर्ध्यावर एकदाही सोडली नाही.

आई वाचली, पाठीला बाक घेऊन. सुगीत वडिलांनी पुन्हा हात उगारला. तिनं भट्टीतली लाल सळई उचलून त्यांच्या छातीपाशी धरली.

"मरणाजवळ जाऊन आलेय मी," ती म्हणाली. "आता तुम्हाला काय भ्यायचं?"

पाळकांनी वडिलांना माफ केलं, पण पुढं आमच्यासाठी प्रार्थना दारातूनच करायचे. आत्या शेवटच्या दुखण्यात आमच्याकडेच होती. तिला आवडायचं म्हणून आई तिच्या उशाशी मोठ्यानं प्रार्थना करी. धनुर्वातानंतर आई एकतीस वर्षं जगली. वडिलांनी पुन्हा हात उचलला नाही, मंडळीच्या देवळातही कधी आले नाहीत. कुणी विचारलं तर सांगायचे, "देवाचं मला ठाऊक नाही. मी हिला भितो."