गिरणीवरचा आळ

"गिरणीची चावी दे म्हणते ना!"

"नाही देणार. आधी डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते ऐकू."

दवाखान्याच्या बाकावरसुद्धा मायलेकांचं भांडण मिटलं नव्हतं. सून मधे बसली होती, ती आपली एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे.

सासूला सारा गाव गिरणीवाली आक्का म्हणायचा. नवरा गेल्यावर मोटरचा पट्टा चढवायला आणि झिजलेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावायला ती आपली आपण शिकली. त्याच गिरणीवर लेकाला वाढवलं, आणि त्याच लेकानं उन्हाळ्यात गिरणीला कुलूप ठोकलं. का, तर आईचा खोकला जात नाही. "पिठानं छाती भरलीय तुझी," म्हणे. शेजाऱ्यांनी माना डोलावल्या, भावकीनं डोलावल्या. गिरणी बंद पडली, खोकला काही बंद पडेना. लोक दळणं घेऊन पलीकडच्या गावाला पायपीट करू लागले आणि आक्का उंबऱ्यात बसून त्यांच्या डोक्यावरच्या पोत्यांकडे बघत जळफळायची.

पोटाचं मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. दोन घासांत पोट गच्च व्हायचं, कधी खाल्लेलं उलटून पडायचं. पण तोंडातून ब्र काढला असता तर लेकानं कुलपावर आणखी एक कुलूप लावलं असतं! म्हणून ती गुपचूप ताट घेऊन परसात जायची. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाई छाती तपासत होत्या, तेव्हा सुनेला राहवलं नाही. "बाई, यांचं निम्मं ताट कुत्रं खातंय," ती बोलून गेली. मग नळी घालून पोटात बघितलं, गाठीचा तुकडा काढला, छातीचे मोठे फोटो झाले. आज त्याचाच निकाल होता.

आतून हाक आली. "मुलगा एकटाच येऊ दे."

आक्का त्याच्याआधी उठली. "दुखणं माझं आणि आत हा? वा रे वा!"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं आणि खुर्ची पुढे केली. "बसा आक्का. सरळ सांगू?"

"सरळच सांगा. आडवळणानं घरी रोज ऐकते."

"पोटात कॅन्सर आहे. तिथून तो फुप्फुसांत पसरलाय. ऑपरेशननं निघण्यापलीकडे गेलाय. औषधांनी आवर घालता येईल, त्रास कमी करता येईल. मुळापासून बरा होईल असं मी म्हणणार नाही."

आक्काला भीती वाटली, चांगलीच वाटली. लेकानं तर भिंतीकडे तोंड फिरवलं. आक्कानं विचारलं, "म्हणजे हा खोकला पिठाचा नाही?"

"नाही. तो या आजाराचाच आहे."

"गिरणीनं नाही झालं काही?"

"गिरणीचा काही संबंध नाही."

"ऐकलंस?" आक्का लेकावर कडाडली. "इतके महिने बिचारीला तुरुंगात घातलंस!"

"आई, अगं, तुला काय झालंय ते कळतंय का?"

"तुझ्याआधी कळलंय. पोट माझं आहे." मग बाईंकडे वळून म्हणाली, "औषध कधी सुरू करायचं? सोमवारी? येते. पण तोवर आणि त्यानंतरही, अंगात बळ असेल तेव्हा गिरणी चालवली तर चालेल?"

"नाकाला फडकं बांधा, ओझं उचलू नका, दमलात की बसा. चालेल."

गावात उतरल्यावर आक्का घराकडे वळलीच नाही. गिरणीच्या दारात उभी राहून तिनं हात पुढे केला. लेकानं खिशातून चावी काढून दिली. मोटरचा आवाज गल्लीत गेला आणि बघता बघता चार बायका डबे घेऊन हजर झाल्या. त्यांना अजून काहीच ठाऊक नव्हतं.

पहिला डबा उचलायला आक्का वाकली, पण तो जमिनीवरून हलेना. लेकानं तो तिच्या हातातून घेतला आणि धान्य वर ओतलं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी गालांवरच्या पिठात उतरत होतं.

आक्कानं खाली पडणारं पीठ चिमटीत धरून बघितलं.

"रडायचं तर रड," ती म्हणाली, "पण हात चालू ठेव. जाड पडतंय. दगड जरा जवळ घे."