भिंतीला लावलेली थप्पी

रायगोंडाअण्णांना सत्तरीला दोन वर्षं कमी असताना समुद्राचं वेड लागलं, आणि तेही कुठं, तर सांगलीत! माणूस हळदीच्या पेठेतला. चाळीस वर्षं हळदीचं दुकान चालवलं. लग्नात अंगाला लागलेली हळद उतरायच्या आत दुकानाची चढली, ती कायमची. दुकान लेकाच्या, धवलच्या हवाली केलं आणि सहा महिने घरात असे गप्प बसले, की त्यांच्या बायकोला, चंदनबालाक्कांना, वाटायला लागलं ह्यांना काहीतरी झालंय. मग एक दिवस अण्णांची दाढ ठणकली. मिरजेच्या दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले. तिथं कोपऱ्यात काचेची टाकी, टाकीत निळा उजेड, आणि त्या उजेडात जांभळी, केशरी, पोपटी कोरलं, म्हणजे जिवंत पोवळी, झुलत होती. अण्णांचा नंबर पुकारला. अण्णा म्हणाले, "ह्यांना जाऊ द्या पुढं, लय दुखतंय त्यांचं." असे पाच पेशंट पुढं सोडले. शेवटी दवाखाना बंद करायची वेळ आली तेव्हा आत गेले आणि तोंड उघडून पहिला शब्द काय काढला, तर "ती टाकी कुठनं आणली?"

झालं! महिन्याभरात हॉलमधला टीव्ही आतल्या खोलीत गेला आणि त्याच्या जागी चार फुटी टाकी आली. पुण्याहून समुद्राचं मीठ आलं, बादल्या भरून. भोकाभोकांचे दगड आले. पाण्यात लाटा करायला दोन पंप आले, त्यांना दुकानदार वेव्हमेकर म्हणतो. दोन महिने नुसतं खारं पाणी फिरवत ठेवल्यावर, अखेर कोरलं आली.

मासे मात्र आले नाहीत. अक्कांनी आधीच विचारलं होतं, "माशांना खायला काय घालणार?" अण्णांनी खरं सांगितलं, बारीक झिंगे. अक्का म्हणाल्या, "जैनाच्या घरात? मग मलाच घाला की टाकीत." तेव्हा फक्त कोरल. कोरल उजेडावर जगतं म्हटल्यावर अक्का खूश. रात्री हे कोरल हात बाहेर काढून बारीकसारीक काही गिळतं, असं एका पुस्तकात लिहिलं होतं. ते पान अण्णांनी बायकोला दाखवलं नाही.

सगळी गल्ली बघायला लोटली. जो तो काचेला नाक लावून विचारायचा, "मासं कुठायत?" "मासं न्हाईत." "मेलं व्हय?" "नव्हतंच!" लोक अण्णांकडं असे बघायचे की बस्स. पण अण्णांना कुणाचं काय! पहाटे उठायचे, टाकीचा दिवा लावायचे आणि शीळ घालत घालत दगडांवरची एकेक फांदी न्याहाळायचे. सूर धड नव्हता, चाल कुठली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, अक्कांनी नवऱ्याची शीळ कधी ऐकली नव्हती.

आणि मग आलं शेवाळ.

आधी दगडाच्या एका कोपऱ्यावर नखाएवढं. मग तळहाताएवढं. मग हिरवी बुळबुळीत साय मागच्या दगडांवरून पुढं सरकत आली आणि केशरी कोरलाच्या बुडाला भिडली. अण्णांनी जुना दात घासायचा ब्रश काढला, बाह्या वर केल्या आणि हात पाण्यात घालणार, तोच अक्कांनी मनगट धरलं.

"काय करताय?"

"घासतोय की."

"शेवाळ हाय ते! अनंत जीव असत्यात त्यात. मुनीम्हाराजांनी किती डाव सांगितलंय, ओल्या भितीवरच्या शेवाळावर पाय बी द्यायचा न्हाई, आणि तुमी ब्रश घेऊन बसलाय?"

"बरं, मग गोगलगायी सोडू? त्या खातील."

"म्हंजे आपण न्हाई मारायचं, सुपारी द्यायची व्हय?"

"औषध?"

अक्कांनी नुसतं बघितलं. अण्णांनी औषधाचा विषय तिथंच गिळला.

पण अक्का काही नुसता हट्ट करणाऱ्या नव्हत्या. त्यांचंही बरोबर होतं, आणि तीच तर पंचाईत होती. "घासलं तर हे मरतंय, ठेवलं तर तुमची पोवळी गुदमरत्यात," त्या म्हणाल्या. "असला खेळ घरात नको. आपणहून गेलं तर जाऊ दे, मी काय त्याला धरून ठेवलंय? पण दशलक्षण पर्व बसायच्या आत जायला पायजे. न्हाईतर पोवळी मिरजेच्या डॉक्टरांना द्यायची आणि टाकी सन्मतीला."

सन्मती म्हणजे अण्णांचा आटपाडीचा भाचा. टाकी आल्या दिवसापासून त्याचा तिच्यावर डोळा. "मामा, डाळिंबाची कलमं झाकायला लय झाक हाय!" असं तो तोंडावर म्हणाला होता. आपला समुद्र पालथा घालून त्याखाली डाळिंबाची रोपं! दहा दिवसांच्या त्या व्रताच्या पर्वाला अठरा दिवस उरले होते.

अण्णांनी दिवे कमी केले. नळाचं पाणी बंद करून फिल्टरचं पाणी घातलं. पंपांचा जोर वाढवला. शेवाळाला ढिम्म काही नाही. उलट मागच्या बाजूला ते आरामात पसरत होतं. सकाळची शीळ बंद झाली. अण्णा टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि चहा गार करून प्यायचे. अक्का स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या.

असे सात दिवस गेले. आठव्या दिवशी सकाळी अण्णांनी दिवा लावला आणि अशी किंकाळी मारली की शेजारचा दूधवाला किटली टाकून धावत आला.

टाकी पिवळी! कोरलांनी तोंडं मिटून घेतलेली, पाण्यात पिवळा धुरळा. नेमके त्याच वेळी लालासाहेब आले. हे सुभेदार होऊन निवृत्त झालेले, वाळव्याकडं उसाची जमीन असलेले अण्णांचे दोस्त. रोज कृष्णेच्या घाटावर फिरून सातला इथं चहाला यायचे.

"लालासाब, घात झाला रं! कुणीतरी इष कालवलं!"

लालासाहेबांनी फौजेतल्यासारखा हुकूम सोडला, "हाताळू नका कायबी! आधी मुआयना!" पण अण्णा कुठले ऐकतायत. त्यांनी बोट बुडवलं, बोटावरचा पिवळा कण अंगठ्यानं चोळला, नाकाशी नेला. आणि त्यांचा चेहराच बदलला. चाळीस वर्षांचा व्यापारी जागा झाला.

"हळद हाय," अण्णा म्हणाले. "राजापुरी. यंदाचीच. बारीक दळलेली." पुन्हा वास घेतला. "आपल्याच डब्यातली!"

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. दूधवाला तिसरीकडंच बघायला लागला.

लालासाहेबांनी आवाज चढवला, म्हणजे एरवी होता त्याहून जास्त. "आता बोला! सरळ सरळ वाटीभर हळद वतलीया की हो कुणीतरी!"

आणि स्वयंपाकघरातून ताडकन उत्तर आलं, "वाटीभर कुठली? चमचाभर बी नव्हती!"

मग आत एकदम सामसूम. भांडंसुद्धा वाजेना.

लालासाहेबांनी तोंडात रुमाल कोंबला. त्यांचे खांदे गदगदत होते. अण्णा मात्र हसायच्या मनःस्थितीत नव्हते. ते रागानं आत जायला वळले, तेवढ्यात लालासाहेबांनी त्यांचा दंड पकडला.

"थांब गड्या. वैनीला मागनं बोल. आधी हितं बघ. हळद कुठं बसलीया बघ."

अण्णांनी बघितलं. पुढच्या वाळूवर पिवळा कण नव्हता. उंच दगडांच्या शेंड्यांवर नव्हता. हळद तरंगत, फिरत, जिथं पाणी हलत नव्हतं तिथंच जाऊन निवांत बसली होती: मागच्या कोपऱ्यांत, दगडांच्या खालच्या अंगाला, आणि मधोमध एक लांबट पट्टा. आणि जिथं जिथं पिवळं होतं, तिथं तिथं खाली हिरवं होतं. एक बोट इकडं नाही, एक बोट तिकडं नाही.

"आयला," अण्णा म्हणाले.

"अरं, हे पाणी दिलंय व्हय तू?" लालासाहेब आता रंगात आले. "दोन्ही पंप समोरासमोर लावलंस! दोन पाट आमनेसामने सोडलं की मधी नुसता चिखल हुतो, आणि कडंच्या सऱ्या तशाच ऱ्हात्यात. उसाला पाणी पाजताना लहान पोरगं बी असं दारं धरत न्हाई. एक हिकडनं सोड, एक तिकडनं तिरपं. आणि पाळीनं! एक दमला की दुसरा."

"पण मागं? मागं पाणी जाणार कसं?"

आता अक्का बाहेर आल्या. हात पदराला पुसत, मान ताठ ठेवून, जणू हळदीचा विषय आपला नव्हेच. पण बोटांची टोकं पिवळी ती पिवळीच. त्यांनी दगडांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "भितीला थप्पी लावल्यावर मागं पाणी जाईल कसं?"

अण्णांनी मागची काच आणि दगड यांच्यामधे बोट घालून बघितलं, बोट शिरेना.

खरंच की! दगड आले तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेनं रचले होते, गोदामात पोती रचतात तसे, मागच्या काचेला चिकटून, मुंगीला वाट मिळू नये असे घट्ट. आणि गोदामाचा पहिला नियम कुठला? थप्पी भिंतीला लावायची नाही! हातभर वाट सोडायची, वारं खेळायला पाहिजे, नाहीतर मागच्या पोत्यांना ओल धरते आणि हळद काळी पडते. याच नियमापायी अण्णांनी चाळीस वर्षं हमालांवर आरडाओरडा केला होता. एकदा तर अख्खी दोनशे पोत्यांची थप्पी पुन्हा उचलायला लावली होती. तेव्हा घरी येऊन अक्कांनाच सांगितलं होतं, "इतकी साधी गोष्ट कळत न्हाई गं माणसाला!"

"तुमीच म्हणायचा," अक्का म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

मग काय विचारता! त्या दिवशी हॉलमध्ये नुसता धुडगूस झाला. लालासाहेबांनी धोतर खोचलं. दूधवाल्याचं दूध बाहेर सायकलवर तापत राहिलं, तो काही जाईना. एकेक दगड अलगद उचलून पुढं घेतला, थप्पी काचेपासून सुटी केली, दोन दगडांत बोगदे ठेवले. मागं साचलेली घाण नळीनं ओढून काढली, हळदीचं पाणी बदललं. एक पंप डाव्या कोपऱ्यात वर, एक उजवीकडं मागून तिरपा, दोन्हींना टायमर. बटण दाबलं. पाणी डावीकडून आलं, दगडांना वळसा घालून मागं शिरलं, बोगद्यातून पुढं निघालं. मग थांबलं, आणि उलटं फिरलं. लालासाहेब ओरडले, "भिजलं! शेवटची सरी भिजली!" आणि तिन्ही पुरुष ओल्या फरशीवर अक्षरशः नाचले. अण्णा घसरून खाली बसले आणि बसल्या बसल्या हसत राहिले.

दोन दिवस रुसून कोरलं उघडली. चौथ्या दिवशी शेवाळाची कड सुटून पाण्यात फडफडायला लागली. कुणी घासलं नाही, कुणी खाल्लं नाही. त्याला निवांत बसायला जागाच उरली नाही. तुकडे सुटायचे, वाहत जाऊन फिल्टरच्या जाळीला लागायचे. अण्णा ते उचलून गटारात टाकणार, तर अक्का बादली घेऊन हजर. "गटारात जगंल व्हय ते? हितं घाला." टाकीतलंच खारं पाणी बादलीत भरून त्यांनी ती गच्चीत उन्हाला ठेवली. रोज तुकडे आले की गच्चीत. शेवाळाचा बिऱ्हाड बदलायचा सोहळाच चालला होता म्हणा ना.

पर्वाच्या आदल्या दिवशी सन्मती आटपाडीहून टेम्पो घेऊन दारात हजर. दोरखंड, जुन्या गोधड्या, दोन गडी, सगळ्या तयारीनिशी. टाकीत एका खालच्या दगडावर अजून रुपयाएवढं हिरवं उरलं होतं. अण्णा ते झाकायला काचेला पाठ लावून उभे राहिले, पण अक्का चष्मा लावून वाकल्या. त्यांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. नवऱ्याला बाजूला सारून खालीही बघितलं.

"हे ऱ्हायलंय की."

अण्णा गुपचूप आत पाणी प्यायला गेले आणि दाराआड उभे राहिले.

सन्मती म्हणाला, "मग उचलू काय मामी?"

"कशाला?"

"आता गं! तूच म्हणालीस की फोनवर, घरात नको म्हणून."

"म्हणाले असंन." अक्कांचा आवाज खाली आला, पण दाराआड ऐकू येत होता. "दुकान सुटल्यापास्नं तुझा मामा मुका झाल्ता, सन्मती. सा महिनं. मला वाटलं, हे माणूस आता असंच बसून संपणार. ही टाकी आली आणि शीळ घालत उठायला लागलं. मग शेवाळ आलं, शीळ परत बंद. मला सोसंना, म्हणून म्हटलं हळद टाकून बघावं. हळदीनं कुणी मरत न्हाई, नुसतं लांब जातंय. लय भ्याले हुते मी. तेवढं हिरवं ऱ्हाऊ दे, त्याचं बी घर हाय. डाळिंबाला दुसरं कायतर बघ."

सन्मतीनं डोकं खाजवलं. "मग वरची ती बादली तरी दे. मोकळी करून..."

"बादलीला हात लावलास तर बघ!"

सन्मती जेवून, डबाभर हळद घेऊन रिकामा टेम्पो आटपाडीला घेऊन गेला. अण्णा दाराआडून बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. अक्कांनी विचारलं, "काय झालं?" अण्णा म्हणाले, "खारं पाणी उडालं."

दुसऱ्या दिवशी पर्वाची पहिली सकाळ. अण्णांनी टाकीचा दिवा लावला, केशरी कोरल लाटेसरशी डावीकडं झुललं, मग उजवीकडं. त्यांनी शीळ घालायला ओठ जुळवले आणि तसेच थांबले. शीळ आधीच ऐकू येत होती. गच्चीतून. सूर त्यांच्यासारखाच धड नसलेला, मधे मधे हवाच जास्त. अण्णा पाय न वाजवता जिना चढून गेले. अक्का देवदर्शनाचं लुगडं नेसून बादलीपाशी उकिडव्या बसल्या होत्या, काठीनं खारं पाणी हळूहळू फिरवत होत्या, एकदा इकडून, एकदा तिकडून. पाठमोऱ्याच होत्या, त्यामुळं अण्णा आलेले त्यांना कळलं नाही. त्या शीळ घालत होत्या.