मैनेची पाठ

कवडू टांगेवाल्याची घोडी मैना दोन वर्षांपूर्वी भैय्याजींनी सोडवली. ‘सोडवली’ हा शब्द भैय्याजींचाच. इतवारीत त्यांचं कापडाचं दुकान, शिवाय पांजरापोळाचं अध्यक्षपद. मैनेची सोललेली पाठ दिसताच त्यांनी भर चौकात हवालदार बोलावून कवडूला धरून दिलं. कोर्टात कवडू रडला, माझा काही गुन्हा नाही म्हणाला. धादांत खोटं! जखमेवर हळद-तेल थापून, वर पोत्याची घडी टाकून त्यानं महिनाभर कामठीच्या फेऱ्या मारल्या होत्या. मैना जप्त होऊन पांजरापोळात गेली.

त्या पापाची लाज वाटून कवडू टांगा विकून पांजरापोळातच शेण काढायला राहिला. रोज कडुलिंबाच्या पाण्यानं तिची पाठ धुवायचा. जखम भरून वर केस उगवले, तेव्हा कुठे त्याला घास गोड लागू लागला.

आणि याच मैनेवर भैय्याजींनी नवरदेव बसवायला सुरुवात केली! आज कोणाचा पोरगा, उद्या कोणाचा भाचा. पांजरापोळ म्हणजे जणू यांच्या आजोबाची मिळकत. कवडूनं दोनदा सांगून पाहिलं, तर म्हणे, “दोन घटका बसल्यानं घोडी मरत नाई.”

मे महिन्यात भैय्याजींच्या स्वतःच्या मुलाची वरात निघाली. मैना दुसऱ्या कोणाला जुमानत नाही, म्हणून लगाम कवडूच्या हाती. खोगीर मात्र भैय्याजींच्या माणसांनी आवळलेलं, आणि झूल चापून बसावी म्हणून खोगिराखालची गादी काढून टाकलेली. हे कवडूला कोणी सांगितलं नाही. कानाशी बँड, पायाशी फटाके, खाली तापलेलं डांबर, आणि ती नाचावी म्हणून मागून काठीनं ढोसणारे पाहुणे.

मारुतीच्या देवळाशी नवरदेव पाया पडायला उतरला, तेव्हा मैना थरथरताना कवडूला दिसली. त्यानं झुलीखाली हात घातला. हात बाहेर आला तो रक्तानं भरलेला.

कवडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं झूल ओढून रस्त्यावर फेकली, पट्टे सोडून खोगीरही खाली टाकलं.

“काय तमाशा लावला बे?” भैय्याजी धावत आले. “बांध ते परत! मुहूर्त टळून राहिला!”

“कशावर बांधू? हे पाहा! याच जखमेपायी मले कोर्टात उभं केलं होतं ना तुमी?”

वरातीला वाट करून द्यायला हवालदार चंपतराव होता. दोन वर्षांपूर्वी कवडूला धरणारा तोच. कवडू त्याच्याकडे वळला. “चंपतराव, मले धरलं तसं यायले धरा.”

चंपतरावानं जखम पाहिली. मग भैय्याजींकडे पाहिलं, ज्यांच्या मांडवात तासाभरानं त्याचंही पान वाढलं जाणार होतं. “लगाम ज्याच्या हाती, गुन्हा त्याचा,” तो म्हणाला. “लगाम तुह्या हाती आहे, कवडू. खोगीर बांध, नाई तं तुह्यंच नाव लिवतो.”

भैय्याजी हसले. त्या हसण्यानं कवडूच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चोर सोडून संन्याशाला सुळी! त्यातून आपण संन्यासीही नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एकदा या घोडीच्या जिवावर खोटं बोलून झालं होतं. त्यानं लगाम मनगटाला गुंडाळला.

“लिवा,” तो ओरडला, सगळ्या वरातीला ऐकू जाईल असा. “गुन्हा माह्याच! कबूल आहे मले! आता कायद्यानं घोडी जप्त करा. अन् जखम पांजरापोळाच्या जनावराले झाली, हेही लिवा. तिथं परत नाई न्यायची तिले. सरकारी दवाखान्यात बांधा.”

चंपतरावाची पेन्सिल थांबली. बँडही थांबला होता. शंभर माणसांसमोर कबुली देणाऱ्याला सोडायचं कसं, हे त्याला कळेना. भैय्याजी शिव्या देत राहिले. शेवटी चंपतरावानं मान खाली घालून कवडूचं नाव लिहिलं आणि चौकीकडे हात केला.

कवडूनं मैनेला हळूच वळवलं. देवळाच्या पायरीवर नवरदेव मुंडावळ्या सावरत उभा होता.

“अरे, मग मी मांडवात जाऊ कसा?”

“पायी,” कवडू म्हणाला. “मैना बी पायीच चालली आहे.”