कृष्णात हवालदार बसले ती खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, केस कापायच्या दुकानातली. तासगावजवळच्या एका गावात गुंडा नावाच्या न्हाव्याने दुकान टाकले, तेव्हा सांगलीच्या सुताराकडून मला मुद्दाम बनवून घेतले. पहिल्या दिवशी मला हारही घातला होता.

द्राक्षबागेवर औषध मारून दमलेली माणसे माझ्यावर डुलक्या घेत. लग्न ठरलेली पोरे आरशात स्वतःलाच लाजत. "गुंडा, खुर्ची लय झ्याक हाय रं," असे कुणी म्हटले की मी सुखावत असे.

पण मित्रांनो, बौद्ध वस्तीतले कुणीही माझ्यावर कधी बसले नव्हते. गुंडा त्यांचे केस कापत नसे. कापले तर बाकीची गिऱ्हाइके तुटतील, अशी त्याला भीती. ती माणसे मुकाट्याने तासगावला जात.

कृष्णात हवालदार त्याच वस्तीतले. फौजेतून निवृत्त होऊन ते गावी आले आणि थेट दुकानात शिरले. "पलटणीत सगळ्यांना एकच न्हावी होता, गुंडा," ते म्हणाले.

गुंडाने मान खाली घातली. "हवालदार, माझं प्वाट हाय ह्या दुकानावर."

हवालदारांची कॉलेजात शिकणारी मुलगी रेश्मा सोबत आली होती. दाराबाहेर येताच ती म्हणाली, "बाबा, पोलिसात जाऊ. कायदा हाय."

"गुंडाला कोठडीत घालून माझं केस कोण कापणार?"

तेव्हा रेश्माने त्यांना अमेरिकेची हकिकत सांगितली. तिथे गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्या माणसांना वाढत नसत. मग कॉलेजातली काळी पोरे तिथे जाऊन नुसती बसून राहिली. लोकांनी शिव्या दिल्या, अंगावर खाण्याचे पदार्थ ओतले, तरी ती उठली नाहीत. शेवटी हॉटेलवाल्यांना त्यांना वाढावेच लागले.

"लय सोसलं पोरांनी," हवालदार म्हणाले. "आपण बी बसू."

दुसऱ्या दिवसापासून बापलेक रोज सकाळी येऊन बाकावर बसू लागली. गिऱ्हाइके कुरकुरत निघून जात. एकदा दिग्विजय नावाच्या तरण्या बागायतदाराने दाढीचे साबणपाणी हवालदारांच्या तोंडावर फेकले आणि तो तरातरा निघून गेला. रेश्मा ताडकन उठली.

"बस खाली," हवालदार म्हणाले. डोळ्यांची आग होत होती, पण त्यांचे हात मांडीवरच राहिले.

गुंडाला ते बघवेना. त्याने धुतलेला टॉवेल घेतला आणि लहान मुलाचे पुसावेत तसे त्यांचे डोळे पुसले. मग तो भानावर आला. टॉवेल खांद्यावर टाकून त्याने माझी बैठक झटकली.

"आवं हवालदार," तो हळूच म्हणाला, "बसा की खुर्चीत."

ते माझ्यावर ताठ बसले, पाठ न टेकता. कात्री चालू लागली, तशी त्यांची पाठ हळूहळू सैल होऊन माझ्यावर विसावली. गुंडा कापता कापता सारखा दाराकडे बघत होता.

"बाबा, कानावर वाकडं झालंय," रेश्मा डोळे पुसत हसली.

"असू दे," हवालदार म्हणाले.

पुढे कित्येक महिने दुकान ओस होते. गुंडाची बायको लीलाबाई बेदाण्याच्या शेडवर कामाला जाऊ लागली, म्हणून चूल पेटली. मग एकेक गिऱ्हाईक परतले. काही कधीच आले नाहीत.

आता दुकानात नव्या खुर्च्या आहेत आणि माझा एक हात निखळला आहे. मित्रांनो, जमले तर मला एक खिळा मारा. पण त्याआधी आपल्या गावात नीट बघा. साध्या केस कापण्यासाठी कुणाला अजून दुसऱ्या गावाला जावे लागत असेल, तर त्याला एकटे जाऊ देऊ नका. त्याला गावातल्याच दुकानात घेऊन या, आणि त्याच्या शेजारी बसा.