चिमणीचं नाक, आत्याचे हात

मित्रांनो, मी एक जुना ओव्हन आहे. जुना म्हणालो म्हणून लगेच हळहळू नका! माझ्या पोटात आत्ता पाव फुगतो आहे आणि माझी हकिकत सांगायला मी अगदी उतावीळ झालो आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापला, वाकवला, वर-खाली तापणाऱ्या सळ्या बसवल्या, काचेचे दार लावले. जहाजाचे इंजिन सांभाळणाऱ्या एका माणसाने मला आपल्या बहिणीसाठी घेतले. बहीण बेकरीत कामाला होती. त्याची मुलगी चिमणी आईविना पोर. बाप समुद्रावर गेला की ती आत्याच्याच अंगाखांद्यावर वाढायची.

काय बहारीचे दिवस होते! दार न उघडताच आत्या नुसत्या वासावरून म्हणे, "झाला बरं का!" आणि केक खरोखर झालेला असे. शेजारीपाजारी वाहवा करत, मी मनातल्या मनात फुशारून जाई.

मग आत्याला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिचे नाक निकामी करून गेला. फुलांचा नाही, साबणाचा नाही, कशाचाच वास येईना. एकदा तिच्या शेजारीच पावाचा कोळसा झाला आणि तिला पत्ताही लागला नाही. तिने बेकरी सोडली. माझ्या पोटात पातेली, झाकणे, डबे कोंबले गेले. मी नुसते कपाट होऊन बसलो.

एके दिवशी निरोप आला: बाबा उद्या येणार! चिमणी आनंदाने वेडीपिशी झाली. आत्याला चकित करायचे म्हणून तिने गुपचूप मला चालू केले आणि अंडी मागायला शेजारी धावली. आत डोकावायचे मात्र राहिले. आतला प्लास्टिकचा डबा वितळू लागला. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर! आत्या माझ्याकडे पाठ करून मटार सोलत होती. धूर माझ्या दारातून बाहेर येत होता आणि तिला काही म्हणजे काही कळत नव्हते.

"आत्या, धूर! आत्या!" चिमणी स्वयंपाकघराच्या दारातूनच किंचाळली.

आत्याने झटकन बटण बंद केले. चिमणी माझ्या दाराकडे झेपावली, तसा आत्याने तिचा हात धरला. "उघडू नकोस! हवा लागली तर भडका उडेल. खिडक्या उघड आणि बाहेर चल."

मी गार झाल्यावर दोघी परत आल्या. चिमणी मुसमुसत होती. "आता तू मला कधीच केक करू देणार नाहीस ना?"

आत्याने दार उघडून आतला वितळलेला डबा पाहिला. मग पदर खोचून म्हणाली, "रडू नकोस. माझे हात आहेत, तुझं नाक आहे. दोघी मिळून बघू जमतंय का."

त्यांनी मला रिकामे केले, लाकडी उलथन्याने खरवडले, धुतले, खिडक्या उघड्या ठेवून रिकामेच तापवले. चिमणी हुंगून हुंगून सांगे, "अजून येतोय वास... आता नाही!" तेव्हा कुठे आत्याचे समाधान झाले.

दुसऱ्या दिवशी नुसती धमाल! आत्याने आत छोटा तापमापक टांगला. "याच्या बटणावर भरवसा नको, म्हातारा थापा मारतो." मी जरा ओशाळलो, पण खोटे नव्हते ते. मी पुरता तापल्यावर केक मधल्या जाळीवर गेला, चारी बाजूंनी वारा खेळेल असा.

"थोडंसं उघडून बघू?"

"अजिबात नाही! गार हवा शिरली की मधोमध बसेल. काचेतून बघ."

चिमणी काचेला नाक लावायचीच बाकी होती. अखेर ती ओरडली, "आत्या, लोण्यासारखा वास येतोय, गोड!" आत्याने केकमध्ये सळई टोचली. कोरडी निघाली! मग तिने केक बाहेर काढून माझी आच वाढवली. बाबांसाठी आणलेली कोंबडी आत ठेवली, बटाटे-गाजरे ताटात सुटी सुटी पसरली. "गर्दी केली तर वाफेवर शिजतात, भाजत नाहीत." कोंबडी भाजून निघाली, तरी आत्या सुरी लावू देईना. "थांब, आतला रस मुरू दे."

इतक्यात दार वाजले. बाबा! पेटी उंबऱ्यातच टाकून ते म्हणाले, "ताई, जिन्यातच वास आला गं!"

आत्या हातातले फडके धरून तशीच उभी राहिली. "कसला? नीट सांग मला."

बाबांनी चिमणीला कडेवर उचलले, डोळे मिटले आणि ते सावकाश सांगत गेले: लोणी, भाजलेल्या बटाट्याची खरपूस कड, गरम साखर. आत्या कान देऊन ऐकत होती. गालावर पाणी होते, पण ती हसत होती.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. आम्हाला अडगळीची खोली करू नका. चालू करण्याआधी आत डोकावा, सांडलेले त्याच दिवशी पुसा, आणि तापायला पुरेसा वेळ द्या. बाकी तुमच्या हातांत आहे. थांबा थांबा, चिमणी हाका मारते आहे, पाव झाला! सरका जरा, दार उघडते आहे!