उजवी येईपर्यंत

माशांच्या पोटात हात घालण्यात कमळाची उभी हयात गेली. पण शिसारी म्हणजे काय ते तिला कळलं वाडीच्या देवळात, भर सभामंडपात, आणि तेही अंगावर धुवट साडी असताना.

तिचा लेक हर्षद फौजेत. कुणी ढकललं नव्हतं त्याला. आरे-वारेच्या वाळूत पहाटे धावून धावून स्वतःच्या पायांनी भरती झाला होता. बाप जाऊन वर्ष झालेलं, तरी मागं हटला नाही. तेव्हा वाडीच्या तोंडाशी हा एवढा फ्लेक्स लागला. वर ‘वाडीचा वाघ’, खाली हर्षदचा फोटो आणि त्याच्या शेजारी, त्याच्या दुप्पट, मोरूनानांचा. मोरूनाना म्हणजे वाडीचे मानकरी. देवाला गाऱ्हाणं घालायचं ते त्यांच्याच तोंडून. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली ते असे काही बोलायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ आत्ताच सीमेवरून जेवायला आलाय. त्यांचा स्वतःचा शुभंकर मात्र मुंबईला एसी ऑफिसात. त्याला म्हणे धूळ सोसत नाही.

यंदा हर्षद रजेवर आला. कमळा पडवीत बांगडे साफ करत बसली होती. तो समोर उभा राहून म्हणाला, “आये, माज्यानं मानसावर गोळी झाडवनार नाय.”

कमळाला आधी त्याचाच राग आला. “भ्यालास?”

“मराला नाय भीत. पहाऱ्यावर एकदा एक मानूस बंदुकीच्या टप्प्यात आला. हुकूम झाला नाय, तो गेला निघून. पन मना कळला, हुकूम झाला असता तरी माजा बोट हलला नसता.”

“मग गप ऱ्हा. कोनाला कळनार हाय?”

“बाजूच्या पोराला वाटता, मी हाय त्याच्या पाठीशी. आनी मी तर नाय. ही फसवनूक झाली. भरतीची सही मीच केलेली, तर नाय सांगालाही मीच जायला हवा. साहेबासमोर उभा ऱ्हाऊन सांगेन. दुसरा काम द्या, जखमी उचलतो, भांडी घासतो. नायतर शिक्षा करा.”

“आनी बांगडा मारलेला तेवढा चालतो तुला.”

“चालतो,” तो म्हणाला, आणि दुसरी सुरी घेऊन मुकाट्यानं तिच्या शेजारी बसला.

मोरूनाना सत्काराचं विचारायला आले, तेव्हा पोरानं त्यांनाही तेच सांगितलं, अगदी याच शब्दांत. नानांचं तोंड कारलं चावल्यासारखं झालं. मग ते कमळाला बाजूला घेऊन म्हणाले, “पोराला कायतरी लागलाय गो. फौजेतला मानूस असा बोलतो काय? देवाला कौल लावूया. बाधा हाय म्हनून कौल आला की अंगारा लावायचा, नारळ द्यायचा. मग चिपळूनला माज्या ओळखीचा डॉक्टर हाय, तो डोका फिरल्याचा कागद देईल. घरबसल्या सुटेल. वाडीचा नावही ऱ्हाईल.”

आणि खरं सांगायचं तर कमळाला ते पटलं. लेक वेडा चालणार होता, झपाटलेला चालणार होता. शुद्धीवर राहून नाही म्हणणारा तेवढा चालणार नव्हता. तिनं हर्षदच्या मागे टुमणं लावलं, आणि त्याला आईचं मन मोडवेना म्हणून तो देवळात आला.

गुरवानं ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. नानांनी खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्या पोराला बाहेरची बाधा झालेली असंल तर उजवी दे.”

डावी पडली.

“प्रश्न नीट पोचला नाय,” नाना म्हणाले. पुन्हा पाकळ्या, पुन्हा गाऱ्हाणं. पुन्हा डावी. तिसऱ्या खेपेला नानांनी गुरवाकडे नुसतं पाहिलं. गुरवानं डावी पाकळी अंगठ्यानं अशी दाबून बसवली, की ती पुढच्या शिमग्यापर्यंत हलली नसती. उजवी टेकवली न टेकवली.

“दिलान! देवान उजवी दिलान!” नाना हात जोडून म्हणाले, आणि सगळ्या मंडपानं हात जोडले. सगळ्यांनी तो अंगठा पाहिला होता.

अंगाऱ्याचं ताट पुढं आलं. हर्षदनं आईकडं पाहिलं. “आये, तुला वाडीत तोंड दाखवाला जागा ऱ्हानार नसंल, तर लावतो. मग त्या डॉक्टराकडेही जातो. तू सांग.”

कमळाचा हात ताटाकडे निघालाच होता. निम्म्यावर तिला तो स्वतःचाच हात दिसला. गुरवाची शिसारी आली, नानांची आली, जोडलेल्या त्या सगळ्या हातांची आली, पण सगळ्यांत जास्त या हाताची. पोरगं खरं बोलून शिक्षा भोगायला तयार, आणि आपण त्याला खोटं कपाळाला फासून वाचवायला निघालोय. तिनं हात मागं घेतला.

“नाना,” ती म्हणाली. गाऱ्हाण्यात बाईमाणूस बोलत नाही, मंडप चपापला. “अजून एक गाऱ्हाना घाला. हर्षदाच्या जागी तुमचा शुभंकर जाईल काय, ता विचारा देवाला. पन एकदाच विचारा. उजवी येईपर्यंत विचारत बसू नका.”

“त्याचा हितं काय संबंध?” नाना म्हणाले. गुरवानं पाकळ्यांची वाटी हळूच पदराआड करावी तशी उपरण्याखाली सारली. कमळा लेकाला घेऊन पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी हर्षद रत्नागिरी स्टेशनवरून गेला. तिनं कुळथाचं पीठ नि सुके बांगडे बांधून दिले.

“मोठी शिक्षा झाली तर?”

“भोगीन. पन बाजूच्या पोराला खरा काय ता कळलेला असंल.”

परत येताना वाडीच्या तोंडाशी तिनं पाहिलं, तर नानांनी फ्लेक्स मधोमध कापून घेतला होता. त्यांचा अर्धा तसाच झळकत होता. हर्षदचा अर्धा गटारात. कमळा पचकन थुंकली. मग गटारात उतरून तिनं तो तुकडा ओढून काढला, नळाखाली घासून घासून धुतला आणि वळणीवर वाळत टाकला.

सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर, मासे विकायला बसताना, बर्फाच्या पेटीवर तिनं तोच पसरला. फोटो वर ठेवून. लांज्याचं एक गिऱ्हाईक सुरमई निवडता निवडता म्हणालं, “मावशी, हा कोण?”

“माजा लेक.”

“अरे वा. फौजेत?”

“व्हय. मानूस मारनार नाय, असा सांगाला साहेबाकडे गेलाय.”

आजूबाजूच्या बायकांच्या कोयत्या थांबल्या. गिऱ्हाइकाचा हात सुरमईवरून मागं आला. कमळानं त्या हाताकडे पाहिलं. असाच निम्म्यावर अडलेला हात तिनं देवळात पाहिला होता, तिचा स्वतःचा.

“बाधा नाय झालेली त्याला,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “सुरमई घेवची तर घ्या. ताजी हाय.”